यजमानांचे वर्ष: घानातील मिशनरी कुटुंबे आणि नववर्षाचा प्रश्न

घानामध्ये परदेशातून आलेली मिशनरी कुटुंबे आजही राहतात. कोणी शाळेत शिकवते, कोणी दवाखान्यात काम करते, कोणी खेड्यातल्या चर्चला हातभार लावते. डिसेंबर सरला की अशा कुटुंबांच्या मायदेशी जाणाऱ्या पत्रांत एक मजकूर हमखास येतो: ३१ तारखेच्या रात्री सारे गाव प्रार्थनेला जमले, बारा वाजता फटाके वाजले, दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात मुलांना भात आणि खाऊ वाटला, इथल्या लोकांबरोबर आम्ही नवे वर्ष साजरे केले. या मजकुरातला जिव्हाळा खरा असतो, आणि घरापासून हजारो मैलांवर मुलाबाळांसह राहणाऱ्या माणसांच्या आनंदावर आक्षेप घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. तरीही एक प्रश्न विचारायला हवा. ज्या समाजात हे कुटुंब राहते त्या समाजाचे स्वतःचे नवे वर्ष वेगळ्याच दिवशी सुरू होते. त्या दिवशी हे कुटुंब कुठे असते? माझे म्हणणे असे आहे, की मिशनरी कुटुंबाचे गावाशी असलेले नाते १ जानेवारीवरून जोखता येत नाही. यजमानांच्या नववर्षाला, यजमानांचे नियम पाळून, त्याला पाहुणे म्हणून जाता येते का, यावरून ते जोखावे लागते. त्या सणातले काय ख्रिस्ती माणसाने स्वीकारावे आणि काय नाकारावे, हा निवाडा मात्र परदेशी कुटुंबाचा नव्हे, तर तिथल्या ख्रिस्ती लोकांचा आहे.

आधी दिनमान पाहू. घानाची राजधानी आक्रा आणि तिच्या आसपासच्या डोंगराळ भागात १ जानेवारीला निसर्गात नवे असे काहीच घडत नसते. सहाराकडून येणारा हर्माटनचा कोरडा वारा धुळीने आकाश झाकून टाकतो, ओठ फुटतात, आणि शेतात पेरणीही नसते व कापणीही नसते. त्या तारखेचे वर्ष बंदरातल्या कचेऱ्या, शाळा आणि चर्च यांच्यामार्फत तिथे आले. जमिनीचे वर्ष निराळे आहे. आक्राच्या किनाऱ्यावरचा गा समाज पावसाच्या तोंडाशी धान्य पेरतो, मग साधारण महिनाभर ढोल आणि गोंगाट बंद ठेवतो, आणि ऑगस्टच्या सुमारास मका हाती आल्यावर होमोवो साजरा करतो. पूर्वजांनी सोसलेल्या दुष्काळाची आठवण ठेवून भुकेची हुर्यो उडवण्याचा हा सण आहे. त्या दिवशी आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, पामतेल घातलेले क्पोक्पोई शिजते, गावचा प्रमुख ते मुठीने घराघरांसमोर शिंपडत जातो, म्हणजे पूर्वजांचा वाटा आधी निघतो, आणि मग सारे कुटुंब एकत्र जेवायला बसते. वर्षभरात घरात झालेली भांडणे मिटवण्याचाही हाच काळ असतो.

आक्राच्या उत्तरेला अकुआपेमच्या डोंगररांगेवर अक्रोपाँग नावाचे गाव आहे. तिथला ओद्विरा हा सण साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नव्या सुरणासारख्या कंदाचे, म्हणजे यामचे पीक आल्यावर होतो. १८२६ साली अकुआपेमच्या लोकांनी इतर सैन्यांबरोबर अकांतामान्सूच्या लढाईत बलाढ्य शेजारी राज्य असलेल्या अशांतींचा पराभव केला, आणि त्या विजयाशी या सणाचा उगम जोडला जातो. त्याआधी सहा आठवडे गावात ढोलबंदी असते. सणाच्या आठवड्यात सोमवारी राजघराण्याच्या स्मशानाकडे जाणारी वाट साफ केली जाते, मंगळवारी तिकडून पवित्र वस्तू गावात आणतात आणि नवा याम उघडपणे खाण्याची मोकळीक होते, गुरुवारी मेजवानी आणि शुक्रवारी ओमानहेने, म्हणजे राजे, पालखीत बसून दरबाराला येतात. पण या आठवड्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा दिवस बुधवारचा आहे. त्या दिवशी अख्खे गाव लाल-काळी वस्त्रे नेसून सरलेल्या वर्षात गेलेल्या माणसांसाठी शोक करते. ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्यांच्याकडे लोक जाऊन बसतात. नवे वर्ष सुरू करण्याआधी जुन्या वर्षाचे मृत सर्वांनी मिळून रडून घ्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. त्यात मूर्तिपूजा कुठे आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

याच गावात मिशनरी कुटुंबांचा एक असा इतिहास घडला, की या प्रश्नाचा विचार त्याला वगळून करता येत नाही. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने १८२८ पासून या किनाऱ्यावर माणसे पाठवली आणि त्यांतली बहुतेक तापाने दगावली. अँड्रियास रीस हा डॅनिश मिशनरी वाचला आणि १८३५ मध्ये अक्रोपाँगला जाऊन राहिला. परंपरा अशी सांगते, की तिथले ओमानहेने अद्दो डांकवा त्याला म्हणाले, देवाने पुस्तक गोऱ्यांसाठी केले असे आम्हाला दिसते. ते वाचणारा एखादा काळा माणूस दाखवा, मग आम्ही विचार करू. मिशनने हे बोलणे मनावर घेतले आणि १८४३ साली जमैकाहून सहा कुटुंबे व काही अविवाहित तरुण, सोबत अँटिग्वाहून आलेला एक जण, असे मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचे सुमारे दोन डझन ख्रिस्ती लोक आक्राजवळच्या क्रिश्चियान्सबोर्गच्या किनाऱ्यावर उतरले. जमैकात गुलामगिरी १८३४ ते १८३८ या काळात कायद्याने संपली होती. म्हणजे यांतली प्रौढ माणसे गुलामगिरीच्या काळातच जन्मलेली होती. ज्या किनाऱ्यावरून लाखो माणसे जहाजांत कोंबून नेली गेली, त्याच किनाऱ्यावर मुलांना कडेवर घेऊन, मिशनरी म्हणून ती परत आली. आंबा, अव्होकॅडो आणि अळूवर्गातला एक कंद त्यांनी सोबत आणून या डोंगरावर लावला, आणि तो कंद आज घानाच्या रोजच्या जेवणात आहे.

या कुटुंबांना दोन नववर्षे ठाऊक झाली. त्यांच्या मोरावियन पंथात वर्षाची शेवटची रात्र जागून प्रार्थनेत घालवण्याची प्रथा होती. ती १७३३ साली जर्मनीतल्या हेर्नहूट या गावी सुरू झाली आणि पुढे मेथडिस्टांनीही उचलली. दुसरीकडे, ज्या गावात ती राहत होती तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओद्विरा येत असे. मिशनने यातून काढलेला मार्ग म्हणजे ‘सालेम’. गावाच्या एका टोकाला ख्रिस्ती लोकांची वेगळी वस्ती, दगडी भिंतींची घरे, झाडांच्या रांगा, शाळा, चर्च, आणि वागणुकीचे लेखी नियम. राजाच्या सणात भाग घेणे, ढोलाच्या नाचात जाणे यांवर शिस्तभंगाची कारवाई होत असे. घंटेच्या टोल्यावर चालणारे एक वर्ष सालेममध्ये, आणि ढोलबंदी व नव्या यामवर चालणारे दुसरे वर्ष हाकेच्या अंतरावर. सख्खे भाऊ दोन दिनदर्शिकांत वाटले गेले.

आज सालेमला नावे ठेवणे सोपे आहे, आणि या विषयावर लिहिणारे पुष्कळ जण तिथेच थांबतात. मला ते अपुरे वाटते. एकोणिसाव्या शतकातले अकान राजांचे (अकुआपेम आणि अशांती ज्या लोकसमूहात मोडतात त्याच्या राजांचे) सण आणि अंत्यविधी आजच्यासारखे निरुपद्रवी नव्हते. थोर माणूस मेला की त्याच्यासोबत गुलामांना मारण्याची चाल त्या प्रदेशात होती, आणि घरचा गुलाम, ऋणापायी गहाण पडलेली मुलगी, चेटूक केल्याचा आळ आलेली बाई यांच्या दृष्टीने राजाच्या सणाचा ढोल हा आनंदाचाच आवाज असेल, असे गृहीत धरता येत नाही. अशा माणसांना सालेमची भिंत आडोशासारखी होती. सणापासून दूर राहण्याचा नियम जसा परदेशी पाद्र्याच्या अहंकारातून आला, तसा तो त्या आडोशाला आलेल्यांच्या भीतीतूनही टिकला असणार. म्हणूनच ‘मिशनऱ्यांनी संस्कृती मोडली’ हे एकच वाक्य म्हणून मोकळे होणारा लेखक त्या गुलामाच्या बाजूने बोलत नाही, तो त्याच्या धन्याच्या बाजूने बोलतो, आणि बहुतेक वेळा हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही याच मिशनमध्ये सापडते. योहानेस झिमरमान हा जर्मन मिशनरी गा समाजात राहिला, त्याने गा भाषेचे व्याकरण लिहिले, बायबलचे गा भाषांतर पार पाडले, आणि १८५१ मध्ये वरिष्ठांची परवानगी न घेता कॅथरीन मल्ग्रेव्ह हिच्याशी लग्न केले. कॅथरीनची कहाणी विलक्षण आहे. अंगोलात जन्मलेल्या या मुलीला लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवले, १८३३ मध्ये ते जहाज जमैकाच्या किनाऱ्यापाशी फुटले, ती वाचली, तिथल्या गव्हर्नरने तिला आश्रय दिला, १८४३ च्या त्या तुकडीतून ती या किनाऱ्यावर आली आणि आक्राजवळच्या ओसूमध्ये मुलींची शाळा चालवू लागली. झिमरमान आणि कॅथरीन यांच्याइतके यजमान समाजात मिसळलेले मिशनरी कुटुंब त्या काळात शोधून सापडणे कठीण. पण १८६० च्या दशकात बासेलच्या समितीने चर्चच्या सभासदांनी गुलाम बाळगू नयेत असा आग्रह धरला, तेव्हा स्थानिक व्यवस्थेशी सबुरीने वागावे असे सांगणाऱ्यांत झिमरमान होता. जो समाजाला सर्वांत जवळून ओळखत होता, तोच त्या समाजातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या प्रश्नावर थांबून राहायला तयार झाला, आणि तेही स्वतःची पत्नी बालपणी गुलामांच्या जहाजातून आलेली असताना. या उदाहरणाने मला पुष्कळ विचार करायला लावले. संस्कृतीत मिसळणे हा स्वतःच अंतिम निकष मानला, तर माणूस त्या संस्कृतीतल्या बलवानांचा पाहुणा होतो.

मग निकष कोणता? माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. गावाचा पाहुणा म्हणून गावाचे नियम पाळणे ही एक गोष्ट आहे, आणि सणातल्या एखाद्या विधीला धार्मिक मान्यता देणे ही दुसरी. पहिलीत परदेशी कुटुंबाला पर्याय असू नये. दुसरीत त्याने बोलूच नये असे मी म्हणणार नाही, पण निर्णयाचा अधिकार त्याचा नाही. पूर्वजांच्या नावाने मद्य ओतावे की नाही, पूर्वजांच्या काळ्या आसनांपुढे उभे राहावे की नाही, राजा ख्रिस्ती असेल तर त्याने सणातला कोणता विधी स्वतः करावा आणि कोणता दुसऱ्याकडून करवून घ्यावा, या प्रश्नांवर घानाचे ख्रिस्ती लोक आज पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी वाद घालत आहेत. त्यांच्यातले काही ठामपणे ‘नाही’ म्हणतात, काही ठामपणे ‘हो’ म्हणतात. अशांतींच्या राजधानीचे, म्हणजे कुमासीचे, कॅथलिक बिशप पीटर सार्पाँग यांनी अशांती दरबाराच्या थाटातल्या कितीतरी गोष्टी चर्चच्या उपासनेत आणल्या. पेंटेकॉस्टल पंथाच्या अनेक पाद्र्यांना तसे करणे मान्य नाही. हा वाद त्यांच्या घरातला आहे, आणि त्याची किंमतही तेच मोजतात, कारण एक बाजू घेतली की चुलते-मावश्या दुरावतात आणि दुसरी घेतली की चर्च दुरावते. तीन वर्षांच्या करारावर आलेल्या कुटुंबाला ही किंमत मोजावी लागत नाही, आणि ज्याला किंमत मोजायची नाही त्याने निवाडा देऊ नये.

पहिल्या गोष्टीचे महत्त्व आक्रामध्ये फार कडवटपणे दिसून आले. १९९८ पासूनच्या काही वर्षांत होमोवोपूर्वीच्या ढोलबंदीवरून गा समाजातले तरुण आणि नव्या करिश्माई चर्चचे लोक यांच्यात हाणामाऱ्या झाल्या. चर्चचे म्हणणे होते, की उपासनेचे स्वातंत्र्य राज्यघटनेने दिले आहे आणि ढोल हा आमच्या उपासनेचा भाग आहे. गा समाजाचे म्हणणे होते, की ही जमीन आमची, राजधानी आमच्या अंगणात वसली, आणि वर्षातून एक महिना शांतता पाळा एवढेच आम्ही मागतो. शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले, चर्चने आवाज आपल्या आवारापुरता ठेवावा अशा स्वरूपाची समजूत घालावी लागली, आणि बंदीच्या काळात आवाजावर लक्ष ठेवायला महापालिका, पोलीस आणि धार्मिक प्रतिनिधी यांची पथके नेमावी लागली. या भांडणातल्या दोन्ही बाजू घानाच्याच होत्या, आणि कायद्याच्या चौकटीत चर्चची बाजू कमकुवत नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पण परदेशी मिशनरी कुटुंबासाठी प्रश्न कायद्याचा नाहीच. ज्याच्या दारी आपण राहतो त्याने महिनाभर ढोल वाजवू नका म्हटले, तर ढोल न वाजवता प्रार्थना करता येते. शांततेत ख्रिस्ती धर्माला अडसर ठरेल असे काही नाही, उलट त्याच्या स्वतःच्या परंपरेत मौनाला मोठे स्थान आहे. तिथे हक्क बजावत बसणे हे पाहुण्याला शोभत नाही.

हाच प्रश्न आपल्याकडे कसा हाताळला गेला तेही पाहू. वसई आणि मुंबईच्या परिसरातले ईस्ट इंडियन कॅथलिक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास आगेरा साजरा करतात आणि नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. गोव्यात राय गावी ऑगस्टच्या सुरुवातीला कणसाचे फेस्त होते. जमिनीचे वर्ष चर्चच्या वर्षात सामावून घेता येते, हे आपल्याकडे शतकानुशतके दिसत आले आहे, आणि ते पोर्तुगीज पाद्र्यांच्या औदार्यापेक्षा इथल्या शेतकरी ख्रिस्त्यांच्या चिकाटीने झाले असे मला वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग व कीर्तन ही आपली वाङ्मयीन मालमत्ता चर्चमध्ये आणली. तो निर्णय त्यांचा होता, अमेरिकन मिशनचा नव्हता; आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारताना त्यांनी तेच अधिक ठळकपणे मांडले. ज्या बासेल मिशनची कुटुंबे अक्रोपाँगला राहिली, तिचेच लोक १८३४ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरले आणि मंगळूरला गेले; १८६५ मध्ये त्यांनी तिथे कौलांचा कारखाना काढला आणि ती मंगलोरी कौले कोकणातल्या घरांवर चढली. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने या मिशनची मालमत्ता आणि माणसे भारतात आणि गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी बाजूला काढली. गोल्ड कोस्टवरून डिसेंबर १९१७ मध्ये मिशनऱ्यांना हाकलून दिल्यावर चर्च बंद पडले नाही; स्थानिक लोकांनी ते सांभाळले, पुढे स्कॉटिश मिशन मदतीला आले, आणि १९२६ मध्ये त्याला प्रेसबिटेरियन चर्च हे नाव मिळाले. परदेशी कुटुंबावाचून ज्यांनी चर्च चालवून दाखवले, त्यांना ओद्विराबद्दल स्वतःचे मत बनवता येणार नाही, असे कोण म्हणू शकेल?

१ जानेवारी मात्र परकी राहिलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. ३१ डिसेंबरची रात्र आज घानाची स्वतःची झाली आहे. चर्च तुडुंब भरतात, सरलेल्या वर्षाच्या साक्षी दिल्या जातात, आणि येणाऱ्या वर्षाची भाकिते इतक्या जोमाने सांगितली जातात, की डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला: घबराट पसरवणारे खोटे भाकीत सांगितल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. या रात्रीत परदेशी कुटुंब सहज सामील होते, कारण तारीख त्याच्या ओळखीची, गाणी त्याच्या ओळखीची, आणि देवही त्याच्या ओळखीचा. अडचण एवढीच, की या सहजतेमुळे आपण लोकांमध्ये मिसळलो असा समज होतो. खरे तर त्या रात्री तो समाज त्या कुटुंबाच्या दिशेने चालत आलेला असतो. उलट दिशेचे चालणे अजून व्हायचे असते.

आणि दुसऱ्या दिवशी अंगणात वाटलेला खाऊ, तो देण्याने काही बिघडत नाही, मुलांनी तो आनंदाने घ्यावा. पण जे कुटुंब गावात नेहमी देतच राहते आणि कधीच घेत नाही, ते गावाच्या वर राहते, गावात राहत नाही. ओद्विराच्या गुरुवारी शेजारच्या घरून अंडी घातलेला कुटलेला याम आला, तर तो खाणे, आणि बुधवारी ज्या घरी मृत्यू झाला आहे तिथे लाल-काळ्या कपड्यांत जाऊन गप्प बसणे, यासाठी कोणत्याही पंथाला आपली तत्त्वे बदलावी लागत नाहीत. विधी सुरू झाला की बाजूला उभे राहावे आणि का उभे आहोत ते विचारल्यास मोकळेपणाने सांगावे. अकान लोकांना पाहुण्याचा असा संकोच समजतो. त्यांना खटकते ती पाहुण्याची गैरहजेरी.

या गैरहजेरीमागे अनेकदा द्वेष नसतो, तिकिटे असतात. अमेरिका आणि युरोपातल्या शाळांच्या सुट्या जून ते ऑगस्टमध्ये येतात, आणि तिथून आलेल्या कुटुंबाने मायदेशी जाण्याचा बेत त्याच महिन्यांत आखणे साहजिक असते. गा समाजाचा होमोवो बरोबर याच महिन्यांत पडतो, आणि ढोलबंदीचा काही काळही. डिसेंबरात मात्र कुटुंब गावातच राहिले, तर वर्षानुवर्षे यजमानांच्या वर्षारंभाला ते परदेशी आणि स्वतःच्या वर्षारंभाला ते हजर, असा क्रम आपोआप पडू शकतो. माणसे पाठवणाऱ्या संस्थांना हे बदलता येईल. पहिल्या वर्षाची रजा ठरवताना त्यांनी तिथल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, की आमच्या कुटुंबाने कोणता महिना गावात घालवावा, आणि जे उत्तर येईल त्याप्रमाणे तिकिटे काढावीत.